ओठांची पोच

हे कुणाला सांगायचं नाही, असं धनश्रीताईनं मला बजावलं होतं. गच्चीवर पापड वाळत घातले होते. त्यांची राखण करत आम्ही दोघी बसलो होतो, तेव्हा तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "सोनाली, हे आपल्या दोघींतच." मी मान हलवली होती. तरी सांगते आहे, कारण मला एकटीला ते पेलत नाही. तिनं सांगितलं तसंच सांगेन. तिच्या मनात काय काय येत होतं, तेही तिनंच सांगितलेलं आहे.

ही गोष्ट याच उन्हाळ्यातली, म्हणजे १९९५ च्या. वार्षिक परीक्षा संपली की नानांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, दुपारचा डबा पोचवायचं काम धनश्रीकडे यायचं. आम्ही कतारगामला चाळीत राहतो. नानांचं खातं तिथून दोन-तीन गल्ल्या पलीकडे. खातं म्हणजे मागांचा कारखाना; सुरतेत सगळे तसंच म्हणतात. आई डब्याला फडकं बांधायची, "भाकरी निवी ऱ्हायन्यात, जाय लवकर," म्हणायची, आणि धनश्री ओढणी डोक्यावर घेऊन उन्हात निघायची.

खातं जवळ आलं की त्याचा आवाज आधी पायांना कळतो. जमीन थरथरत असते. मग दार येतं, आणि दारातून तेलाचा आणि तापलेल्या सुताचा वास अंगावर येतो. आत इतके माग एकदम चालतात, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी माणसाचं माणसाला ऐकू जात नाही. म्हणून तिथले कारीगर ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ, शब्द जरा ताणून. समोरच्या मागावरचा माणूस ते वाचतो. थट्टा, शिव्या, गावाकडच्या लग्नाची बोलणी, सगळं असंच चालतं. बाहेरच्याला वाटावं, इतकी माणसं राबतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

धनश्री मुळात लाजरी. वर्गात बाईंनी उभं केलं तर ती फळ्याकडे बघून उत्तर द्यायची. तिला ही बिनआवाजाची भाषा फार आवडली. डबा घेऊन दारात उभी असताना नाना दुरून ओठांनी विचारायचे, "काय शे आज?" आणि ती ओठांनी सांगायची, "वांगं." एवढ्यावर ती शिकली. मग शाळेच्या मैदानाच्या पार त्या टोकाला मुली काय बोलतात तेही तिला कळू लागलं, मराठी असो की गुजराती.

पुढं पुढं तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एकटी माणसंही ओठ हलवतात. किराणावाला पुडी बांधताना, बाई पेपर तपासताना, आई तांदूळ निवडताना. अगदी बारीक, ओठ थरथरल्यासारखे. आपल्या मनातलं आपण मनातच बोलतो आहोत असं त्यांना वाटत असतं. धनश्रीला ते वाचता यायचं. एकदा आई तांदळात बघत होती आणि तिच्या ओठांवर होतं, 'हिला निळा फ्रॉक बरा दिसायचा.' धनश्रीनं तो फ्रॉक घालणं सोडून चार वर्षं झाली होती. आईच्या मनात तो अजून वाळत घातलेला आहे, हे कळून तिला कसंसंच झालं.

तिनं आरशासमोर बसून स्वतःलाही तपासलं. बराच वेळ बसली, कसकसले विचार केले. तिचे ओठ हलले नाहीत. आपलं मन कुणाला दिसत नाही आणि आपल्याला सगळ्यांचं दिसतं, याचा तिला अभिमान वाटला. लाजऱ्या माणसाचा अभिमान सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आता लोटूकाकाबद्दल सांगायला हवं. लोटूकाका नानांच्या गावचा. खात्यात त्याचे माग नानांच्या बरोबर समोर. मधे माणूस जाईल एवढी बोळ. वर्षानुवर्षं ते दोघं दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत काम करत आले. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला यायचा. ताट वाढेपर्यंत बसायचा नाही, दाराजवळ माठाच्या बाजूला भिंतीला टेकून उभा राहायचा, आणि तिथून तो आणि नाना ओठांनीच बोलायचे. आई चिडायची. "हाई घर शे, खातं नही! तोंड उघडीसन बोला ना!" मग दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसायचे.

होळीनंतर लोटूकाकाला कावीळ झाली. पंधरवड्यात संपला. शेवटी त्याचा आवाज गेला होता, पण ओठ हलत होते, आणि खाटेशी बसलेल्या नानांचेही ओठ हलत होते. नर्सला वाटलं, नाना देवाचं नाव घेताहेत.

त्यानंतर नाना गप्प झाले. कामावर जायचे, यायचे, जेवायचे. दुःख आहे, सरेल, असं आई म्हणायची. पण संध्याकाळी जेवताना नानांची नजर ताटात नसायची. ती दाराजवळ माठाच्या बाजूला लागलेली असायची, आणि त्यांचे ओठ हलायचे.

धनश्रीनं पहिल्यांदा वाचलं, 'घाटवर गारवा शे.' गावच्या नदीचा घाट. तिला वाटलं, उकाड्यात माणसाला गाव आठवणारच. दुसऱ्या दिवशी तेच, आणि पुढं, 'कोनी घाई करस नही, कोनी हाक मारस नही.' मग एका संध्याकाळी, आम्ही दोघी नानांच्या दोन बाजूंना बसलेल्या असताना, त्यांच्या ओठांवर आलं, 'आठे तुन्हं कोन शे?'

इथं तुझं कोण आहे.

धनश्रीच्या हातातला घास तसाच राहिला. मनात माणूस स्वतःला तू म्हणतो, हे तिला ठाऊक होतं. ती स्वतः परीक्षेला जाताना म्हणायची, धनश्री, तू घाबरू नको. म्हणजे नाना स्वतःला विचारत होते, इथं माझं कोण आहे. आणि आम्ही तिघी हाताच्या अंतरावर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला विचारलं, "माय, नानाले आपण नको शेत का?"

आई चुलीपाशी होती. "काय?"

"ते म्हणत होते, इथं माझं कोण आहे."

"कव्हय म्हणे?"

"मनात."

आईनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. "मनात! तू काय त्याना मनमा जाईसन बसनी व्हती का? इतला वरीस संसार कया मी, माले अजून समजनं नही त्याना मनमा काय शे. आन् ही मोठी समजदार!" मग जरा वेळानं, हलक्या आवाजात, "झोप लागस नही त्याले. काही बोलू नको."

पण धनश्रीला आता थांबवत नव्हतं. त्याच संध्याकाळी तिनं वाचलं, 'येती सुट्टीले निघूत.' निघू या. कुठं, ते ओठांवर आलं नाही. पण ते म्हणताना नानांच्या चेहऱ्यावर निवांतपणा होता. जिवंत माणसाचा निवांतपणा तसा नसतो, असं ती मला म्हणाली. सुट्टी परवावर आली होती.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली, तेव्हा नाना मागांवर होते. तिथं जेवायला पाळीपाळीनं बाहेर येतात. एकानं दोघांचे माग सांभाळायचे, दुसऱ्यानं जेवायचं. ओट्यावर गणपतकाका जेवत बसले होते. ते जालन्याकडचे, बोलके, हसरे.

"ये गं बाई, बैस. तुझा बाप येतोच आता."

धनश्रीनं कशीबशी जीभ सोडवली. "काका, नाना गावाकडे जायचं म्हणतात का?"

गणपतकाकांचे ओठ आवाज न करता हलले. 'नाना गावाकडे जायचं म्हणतात का.' मग ते मोठ्यानं म्हणाले, "नाही बा. माझ्यापाशी तर नाही काढलं."

तिला वाटलं, आपल्याला भास झाला. तिनं पुन्हा विचारलं, "ते काही बोलतात का तुमच्याशी?" पुन्हा तेच. आधी तिचे शब्द त्यांच्या ओठांवर जसेच्या तसे, मग उत्तर.

"काका, तुम्ही माझंच बोलणं परत का म्हणता?"

गणपतकाका खो खो हसले. "म्हणलो का? बघ, खोड! आमची बायको तर म्हणते, माकडावानी नक्कल कामून करता माझी. अगं, पोच आहे ती. खात्यात समोरच्यानं ओठानं काही सांगितलं, की आपण तेच तस्संच ओठानं परत म्हणायचं. म्हणजे त्याला कळतं, बरोबर पोचलं. नाहीतर तो म्हणायचा माग बंद कर, अन् आपण भलतंच समजून घालायचा हात आत."

"म्हणजे जो सांगतो त्याचेही ओठ हलतात…"

"अन् जो ऐकतो त्याचेही."

"मग बघणाऱ्याला कसं कळायचं, कोण सांगतंय आणि कोण ऐकतंय?"

"दोघांकडं बघावं लागतं ना बाई. एकट्याकडं बघून काय कळणार?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तुझ्या नानाची पोच सगळ्यात साफ. लोटूनं लावलेली शिस्त. एक शब्द गाळायचा नाही."

धनश्रीच्या कानांत खात्याची धडधड भरली. इतके दिवस ती एकट्याकडेच बघत होती. नानांच्या ओठांवरचं नानांच्या मनातलं, असं ती धरून चालली होती. दुसऱ्याचं मन आपल्याला दिसतं म्हणताना आपण आपलाच अंदाज बघत होतो, हे तिला तिथं ओट्यावर उमगलं. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरं उमगलं.

नाना बोलत नव्हते. ते पोच देत होते.

ती उठून दारात गेली. आत नाना उभे होते. बोळीपलीकडचे लोटूकाकाचे माग बंद होते. लग्नसराईत सगळे गावी गेलेले, शेठला अजून नवा कारीगर मिळाला नव्हता. मागांवर मळकं कापड टाकून ठेवलं होतं. सगळं खातं धडधडत होतं, आणि मधे तेवढाच तुकडा स्तब्ध. नाना त्या कापडाकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर आलं, 'उद्या सुट्टी. दिवेलागणले येस मी तुले घेवाले.'

मग ओठ थांबले. आणि नाना मान डोलवून, चेहरा उजळून म्हणाले, 'हा. येस मी.'

हो, येतो मी. हे शेवटचं मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

सुट्टीचा दिवस नेहमीसारखा गेला. नानांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. आईला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी माणूस नीटनेटका दिसतो आहे. धनश्री दिवसभर विचार करत होती. आईला सांगितलं तर ती हसणार. नानांना काय सांगणार? मग तिनं लोटूकाकाचा विचार करून बघितला. तो काही वाईट माणूस नव्हता. आम्हाला चिंचेच्या गोळ्या आणायचा. त्याला काय वाटत असेल? आयुष्यभर ज्यानं आपला एक शब्द खाली पडू दिला नाही, तो माणूस त्याला तिकडे मिळत नसेल. तिकडे कुणी पोच देत नसेल. सांगणाऱ्याला पोच मिळत राहिली, तर तो सांगत राहणारच. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिला त्याची भीती वाटायच्या आधी कीव आली.

दिवेलागणीला आईनं ताटं मांडली. दिवा पिवळा जळत होता; आमच्या चाळीत त्या वेळी वीज कमीच येते. नाना ताटावर बसले, पण त्यांनी घास घेतला नाही. नजर दाराकडे. मी त्यांच्या डाव्या हाताला होते, म्हणून यापुढचं मी स्वतः बघितलेलं आहे; ओठांवरचे शब्द तेवढे ताईनं नंतर सांगितले.

धनश्री उठली आणि पाणी घ्यायला गेल्यासारखी माठापाशी गेली. पण पाणी घेतलं नाही. भिंतीला पाठ लावायला गेली आणि थांबली. पाठ टेकलीच नाही. ती माठाच्या बाजूला, नानांच्या नजरेच्या बरोबर आड, उभी राहिली. तेलाचा आणि तापलेल्या सुताचा वास येत होता, असं ती नंतर म्हणाली. मला आला नाही. तिच्या मानेवर गारवा येत होता. माठाचा असता तर उजवीकडून आला असता. तो मागून येत होता.

ती ओठांनी म्हणाली, "नाना, पोच देऊ नका."

नानांचे ओठ हलले. 'नाना, पोच देऊ नका.' जसंच्या तसं, सवयीनं. पण नजर तिच्यावर नव्हती. तिच्या खांद्यावरून पलीकडे होती, तिच्यापेक्षा वीतभर उंच माणसाच्या तोंडाकडे बघावी तशी. आणि मग त्यांचे ओठ पुन्हा हलले.

'पोर मव्हरे उभी शे. तिले बाजूले सार.'

पोरगी पुढ्यात उभी आहे. तिला बाजूला सार.

नानांनी एक हात जमिनीला टेकला आणि ते उठू लागले. आई म्हणाली, "कथा चालनात? ताट वाढेल शे!" कुठं निघालात, हे आईचं विचारणं त्यांनी ऐकलं नाही. धनश्री त्यांच्या वाटेत होती. तरी ती हलली नाही. तिनं दोन्ही हात पसरले, दार अडवल्यासारखे, आणि ओठ ताणून, सावकाश म्हणाली, "नाना… इथं तुमची मी आहे."

नाना अर्धवट उठलेले तसेच थांबले. किती वेळ कोण जाणे. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून हळूहळू खाली आली, जिना उतरावा तशी, आणि तिच्या चेहऱ्यावर थांबली. 'इथं तुमची मी आहे,' त्यांचे ओठ म्हणाले. मग त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते मोठ्यानं रडले. लोटूकाका गेला तेव्हाही ते रडले नव्हते.

आई धावली. "रडी लेवा, रडी लेवा," म्हणत तिनं त्यांना खाली बसवलं. जरा वेळानं नानांनी डोळे पुसले आणि साध्या, रोजच्या आवाजात विचारलं, "धनश्री, तू तठे काबरं उभी शे? ये, जेव ना."

त्यानंतर दाराकडे बघत नानांचे ओठ कधी हलले नाहीत. ते आता आईशी भांडतातसुद्धा. परवा भाजीत मीठ कमी म्हणून बोलले, तर आई दिवसभर खुशीत होती.

पण त्या संध्याकाळचा एक तुकडा धनश्रीनं मला गच्चीवर सांगितला. नाना रडायला लागले, तेव्हा ती दारातून हलणार इतक्यात तिचे ओठ आपोआप हलले. तिनं हलवले नव्हते. "काय म्हणाले?" मी विचारलं. तिनं एक पापड उलटला. "मला काय माहीत? स्वतःचे ओठ स्वतःला दिसतात का?" आणि मग माझा हात धरून म्हणाली, "सोनाली, तू लक्ष ठेव. मी तुला वाचायला शिकवते. माझे ओठ हलले तर मला सांग… काय म्हणतात ते सांग."

मी शिकले. मला वाटलं होतं, घाटाचं काहीतरी असेल, लोटूकाकाच्या बोलीतलं. तसं काही नाही.

गेल्या आठवड्यात ती शेंगा सोलत होती आणि मी समोर बसले होते. तिचे ओठ हलले. मी वाचलं, 'ताईच्या कपाळावर आठ्या पडल्यात, आईसारख्या.' तेच त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं. मी नुसता विचार केला होता, ओठ घट्ट मिटलेले होते. ती मला पोच देत होती. मला भीती वाटली, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. ती मलाच ऐकते आहे, दुसऱ्या कुणाला नाही. असं कुणी आपल्याला आजवर ऐकलेलं नसतं.

मी तिला सांगितलं नाही. रोज बघत राहिले. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की पोच ही सांगून झाल्यावर देतात. काल शब्द आधी तिच्या ओठांवर आले, आणि मग मला सुचले. म्हणजे पोच आता मी देते आहे.

आज दुपारी मी गॅलरीत बसून हे लिहिते आहे. ती समोर भिंतीला टेकून उभी आहे. पूर्वी ती कधी अशी उभी राहायची नाही, बसायची. मी कागदाकडे बघते, मग तिच्याकडे, मग कागदाकडे. मघापासून मी एक वाक्य मनात धरून बसले आहे, की हे सगळं मी माझ्या मनानं लिहिते आहे. ते वाक्य तिच्या ओठांवर काही येत नाही. त्याऐवजी आता आलं, 'आई हाक मारेल.' मी ते उतरवून घेते आहे तोवर खालून आईची हाक आली, "सोनालीऽ, खाले ये वं!" ओ द्यायला मी तोंड उघडलं, पण ताईचे ओठ अजून थांबलेले नाहीत, जायच्या आधी एवढं पुढचं वाचून घेते, ती म्हणते आहे की सोनालीला दिवेलागणीला घ्यायला